चाळिसावं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. निळ्या कापडी पुठ्ठ्याची. इंदापूरच्या स्टँडसमोरच्या दुकानातून लासुर्ण्याच्या प्रियदर्शनीताईंनी मला घेतलं आणि दिल्लीला नेलं. देशाच्या सुरक्षेचं धोरण ठरवायला सरकार तिथं नवा विभाग उभारत होतं. ताई त्यात अधिकारी होत्या.

विभाग म्हणजे तेव्हा तीन खोल्या. दारावर पाटी लागली नव्हती, तरी मोठी खोली कोणाची यावरून साहेबांची रोज धुसफूस चाले. ताई मात्र मला घेऊन गावोगाव हिंडल्या. धोका कुठून येईल, ते माझ्यात टिपत गेल्या.

बारामतीकडच्या एका गावात त्यांनी पाणी शुद्ध करण्याचं केंद्र पाहिलं. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं हे संगणक ठरवी, आणि तो इंटरनेटवरून बाहेरच्या कुणालाही उघडता येत होता. तिथला ऑपरेटर नागेश म्हणाला, "म्याडम, मी वर दोनदा लिहून दिलंय. कुणी इचारत न्हाय." ताईंनी ते माझ्या चाळिसाव्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

धोरणाच्या बैठकीत त्यांनी ते पान वाचलं. विभागाचे सचिव हसले. राष्ट्रीय धोरणात खेड्यातलं पाणी कशाला, आधी विभागाची पदं ठरू द्या, म्हणाले. धोरणात पदांचं प्रकरण पहिलं आलं. पाण्याचं वगळलं.

चार महिन्यांनी कुणीतरी तो संगणक बाहेरून उघडलाच. क्लोरीन बेसुमार मिसळलं. सव्वाशे माणसं दवाखान्यात गेली. नागेशची म्हातारी आई, म्हाळसाबाई, परत आली नाही. निलंबित मात्र नागेशच झाला.

ताईंनी त्याला फोन केला. मी समोरच उघडी होते. त्या कशाबशा म्हणाल्या, "नागेश, मी लिहिलं होतं रे."

"लिवलं तर मी बी हुतं, म्याडम," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

चौकशीत ताईंनी मला सचिवांपुढे ठेवलं. त्यांनी चाळिसावं पान सावकाश वाचलं, मला मिटलं आणि पुठ्ठ्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारला. कोणतीही पूर्वसूचना नव्हती, असं अहवालात आलं. ताईंची बदली झाली. धोरण रंगीत मुखपृष्ठासह छापून आलं.

मित्रांनो, वह्या जपा असं तुम्हाला शाळेत सांगतात. मला इथं, विभागाच्या दप्तरखान्यात, फार जपतात. पोलादी कपाट आहे, वाळवी लागू नये म्हणून दर महिन्याला फवारणी होते. माझं एक पानसुद्धा फाटलेलं नाही. फक्त मला कुणी उघडत नाही.