न लागणारं दार

तिने बाकड्यावरून उठून दाराच्या फटीला सरळ कान लावला.

दार नीट लागतच नव्हतं. आत जाताना बाबांनी ते दोनदा ढकललं होतं आणि "बिजागरी उतरलीय" असं पुटपुटलेही होते. सुतार माणूस, लेकीच्या पोटातल्या गाठीचं ऐकायला आला, तरी लक्ष आधी दाराकडे. मग डॉक्टर गोड आवाजात म्हणाले होते, "बाळ, तू जरा बाहेर बस हं." आणि बाबांनीही मान डोलावली होती.

अपेंडिक्स तिचं. टाके तिचे. सोळावं लागलं तेही तिलाच. आणि बोलणी मात्र दोघा बाप्यांची, जणू तिचं लग्नच ठरवताहेत.

"पण गाठ होती ना?" आतून बाबांचा आवाज आला. "मग उजवीकडचं आतडं काढूनच टाका, साहेब. एका फळीला कीड दिसली की मी शेजारच्या फळ्याही ठेवत नाही."

"तशी गरज नाही हो. पण तुमचा फारच आग्रह असेल, तर विचार करू."

तिची कानशिलं तापली. तिने दार ढकललं.

"कुणाच्या आतड्याचा विचार चाललाय?"

बाबा अर्धवट उठले. "अगं, तू बाहेर बस ना."

"बाहेर सगळं ऐकू येतं. डॉक्टर, मला सांगा. माझ्याकडे बघून."

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. सूज आली म्हणून काढलेल्या अपेंडिक्सच्या टोकाला ती गाठ सापडली होती, करंगळीच्या नखाहूनही लहान. कर्करोगाच्याच कुळातली, पण फार सावकाश वाढणारी.

"ती अपेंडिक्सबरोबर पूर्ण निघाली," डॉक्टर म्हणाले. "दोन सेंटिमीटरहून मोठी असती, तर आतड्याचं ऑपरेशन मीच सुचवलं असतं. तुझा उपचार झालाय."

"आणि परत आली तर?" बाबांनी विचारलं.

"एवढी लहान, पूर्ण निघालेली गाठ सहसा परत येत नाही. अशी माणसं चांगली म्हातारी होतात. वरचेवर तपासण्याही लागत नाहीत."

"तपासणीसुद्धा नाही?" बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"बाबा, आईच्या कपाटाची किडलेली एकच फळी बदललीस तू," ती म्हणाली. "अजून ठणठणीत उभंय ते."



"तुझी आत्या आजारी होती," बाबा फरशीकडे बघत म्हणाले, "तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. तिलाही आतड्याचंच होतं. मोठी माणसं आत बोलायची आणि मला बाहेर बसवायची. मला कळलं ते ती गेल्यावर."

आत्या तिने फक्त फोटोत पाहिली होती, दोन वेण्या घातलेली. राग मात्र जागचा हलला नाही.

"आणि तरी मला बाहेर बसवलंस."



निघताना बाबा दाराशी थबकले. खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढून बिजागरीशी वाकले, एका हाताने दार किंचित उचलून धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "लागत नाही तेच बरं."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, आणि ती बाहेर पडेपर्यंत दार धरून उभे राहिले.