भात उजवीकडे, सार डावीकडे

थोंगयंगला जाणाऱ्या बसमध्ये म्योंग हे-वनने संमतिपत्राचा कागद तीनदा बाहेर काढला आणि तीनदा पिशवीत परत ठेवला. कागदावर एक सही हवी होती, बस्स. ती मिळाली की प्रबंध जमा, तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा, आणि पाच वर्षांच्या उरस्फोडीनंतर नावाआधी ‘डॉक्टर’. नाही मिळाली, तर विद्यापीठाची समिती तिसरं आणि चौथं प्रकरण काढून टाकणार होती. ती दोन प्रकरणं गेली की प्रबंधात उरतं काय? प्रस्तावना आणि संदर्भसूची!

हे-वनचा विषय होता समकालीन कला आणि डिजिटल संस्कृती. विषयाचं नाव एवढं भारदस्त की घरी आईला पाच वर्षांत ते धड सांगता आलं नव्हतं. पण आत शिरलं तर गोष्ट साधी होती. इंटरनेटवर ‘आजचं ताट’ नावाचं एक खातं होतं. नऊ वर्षं रोज सकाळी तिथे दीड मिनिटाची चित्रफीत यायची. एक म्हातारा हात टेबलावर भाताचा वाडगा ठेवायचा, साराचा वाडगा ठेवायचा, चमचा ठेवायचा, भातावर झाकण घालायचा. संपलं. चेहरा नाही, आवाज नाही. खात्यावर फक्त एक ओळ होती: ‘इन-ग्यू, जेवून घे.’

बघणारे असून असून पाच-सहा जण. त्यातली हे-वन एक. आणि पहिल्याच आठवड्यात तिला ते दिसलं होतं, जे दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. कोरियात जिवंत माणसाच्या ताटात भात डावीकडे, सार उजवीकडे. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ते. इथे उलटं होतं. भात उजवीकडे, सार डावीकडे. असं ताट फक्त श्राद्धाला वाढतात, गेलेल्या माणसाला. वर तो हातही डावीकडून येणारा. म्हणजे सगळं ठरवून केलेलं! हे-वनने लिहिलं: हा अनाम कलावंत इन-ग्यू नावाच्या मृत व्यक्तीचं श्राद्ध वर्षातून एकदा नाही, तर रोज घालतो आहे, आणि पडदा हाच त्याचा देव्हारा. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. वसंतात एका नियतकालिकात लेखही छापून आला.

बारा दिवसांपूर्वी तिने तो लेख त्या खात्यावर पाठवला, सोबत संमतीची विनंती. दुसऱ्या दिवसापासून ताट यायचं थांबलं.

“अगं, नशीब काढलंस तू!” दो-हुन म्हणाला. तो तिच्याच विभागातला, दोन वर्षं पुढचा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. “तुझा लेख वाचून त्यानं कलाकृती संपवली. ही शांतता म्हणजेच शेवटचा तुकडा. लिहून टाक.”

“आजारी असतील तर, दादा?”

“तू कलेची अभ्यासक आहेस की नर्स? तळटीप घाल आणि मोकळी हो.”

आणि तिने घातली. अकराव्या दिवशी खात्यावरून उत्तर आलं. एक पत्ता, आणि खाली एकच शब्द: ‘या.’ तिला आनंदाने रात्रभर झोप लागली नव्हती.

घर बंदराच्या वरच्या अंगाला, चढावावर होतं. दार सताड उघडं. कू बोंग-सिक नावाचे सत्तरीतले गृहस्थ दारातच उभे होते. पांढरा सदरा, वरपर्यंत गुंडी लावलेला. आयुष्यभर शिंपल्यांच्या कारखान्यात काम केलेले त्यांचे हात चिरांनी भरले होते. हे-वनने कमरेत वाकून नमस्कार केला. नऊ वर्षं पडद्यावर दिसलेले हात आता समोर होते.

“जेवलीस का, पोरी?”

“हो काका, वाटेत खाल्लं.”

“बरं. आत ये.”

आतल्या खोलीत श्राद्धाचं टेबल मांडलं होतं. वरचा काप काढलेली नासपती, सफरचंदं, सुकवलेला मासा, दारूचा छोटा पेला. मागे एका तरुणाचा फोटो, पंचविशीचा असेल, कपाळावर केस आलेले. हे-वनला वाटलं, आपल्यासाठी मांडलंय. कलावंत आपल्याला कलाकृतीचा शेवट दाखवतोय. तिने पिशवीतून वही काढली. काय म्हणावं या मुलीला! शिकून शिकून माणसाचे डोळे असे होतात.

बोंग-सिक समोर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, साहेबापुढे बसावं तसे.

“तारीख सांग,” ते म्हणाले.

“कसली तारीख, काका?”

“तो गेला ती. तिथीशिवाय श्राद्ध घालू कसं? बापानं पोराचं करू नये म्हणतात. पण त्याला दुसरं आहे कोण?”

हे-वनला कळेना. “कोण गेलं?”

“इन-ग्यू. माझा मुलगा.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. “खाली केस कापायचं दुकान आहे ना, त्या बाईंनी मला ते खातं काढून दिलं होतं, त्यांनीच तुझा लेख वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. ‘मृत इन-ग्यू’ असं सात ठिकाणी आहे म्हणे. तू सोलची शिकलेली मुलगी, पाच वर्षं शोध घेतलास म्हणून लिहिलंयस. पोलिसांना नऊ वर्षांत जमलं नाही ते तुला जमलं. फार उपकार झाले. तेवढी तारीख सांग. कुठे गेला, ते नाही सांगितलंस तरी चालेल.”

हे-वनच्या हातातली वही खाली पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

“काका, पण ताट... ताट तर तुम्हीच तसं वाढायचात. भात उजवीकडे.”

“मी?” म्हातारा चमकला. “जिवंत पोराला भात उजवीकडे कोण वाढेल? तोंडाला येईल ते बोलू नकोस!”

त्यांनी तरातरा जाऊन फोन आणला. इन-ग्यूच्या जागेवर बसून फोन समोर टेकवला आणि पडदा आपल्याकडे करून घेतला. ताट पूर्ण येतंय की नाही, हे दिसायला हवं ना, म्हणाले. मग भाताचा वाडगा डावीकडे ठेवला, साराचा उजवीकडे. बरोबर, जिवंत माणसाचं ताट. हे-वनने फोन हातात घेतला आणि नुकतीच उतरलेली चित्रफीत लावली. भात उजवीकडे. सार डावीकडे. हात डावीकडून.

सेल्फीचा कॅमेरा होता तो. चालू असताना पडद्यावर आरशासारखं दाखवायचा, म्हणून म्हाताऱ्याला भात डावीकडेच दिसायचा; साठवायचा मात्र समोरून बघणाऱ्याला दिसेल तसं, बाजू पालटून. दहावीतल्या पोराने ओळखलं असतं. पण तिच्या डोक्यात आले ते मृत्यू, स्मरण, प्रतिकार. कॅमेरा उलटा असेल, हे तिच्या, दो-हुनच्या, मार्गदर्शक बाईंच्या, कुण्णाकुण्णाच्या मनात आलं नाही. ‘ध’चा ‘मा’ झाला तो असा.

तिने जमिनीवर कपाळ टेकलं. “चुकले, काका. मला तारीख माहीत नाही. तो कुठे आहे, आहे की नाही, मला काहीच माहीत नाही. मी नुसतं ताट बघितलं आणि लिहिलं.”

बोंग-सिकनी खाली पडलेली वही उचलून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, “मीच त्याला हाकललं. दिवसभर फोनमध्ये डोकं. म्हटलं, एवढं आवडतं तर त्यातच जाऊन राहा. गेला. मग मला वाटलं, कुठेही असला तरी फोन बघत असेलच. म्हणून ताट फोनमध्ये वाढायचं.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “या बारा दिवसांत खूप रडलो. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच रात्रभर झोपलो. आता पुन्हा कान दाराशी.”

हे-वन रडत होती. संमतिपत्र, प्रबंध, परीक्षा, सगळं तिला त्या क्षणी किळसवाणं वाटलं. “मी लेख मागे घेते,” ती म्हणाली. “सगळीकडे लिहीन, मी चुकले म्हणून.”

पण म्हातारा तिचं ऐकतच नव्हता. त्याने फोन पुन्हा हातात घेतला होता. जुनी चित्रफीत लावली, मग त्याआधीची, मग त्याच्याही आधीची.

“पोरी,” तो हळूच म्हणाला, “हे सगळ्यांनाच असं दिसतं?”

“हो, काका.”

“त्यालाही?”

हे-वनने पडद्याकडे पाहिलं. तीन हजारांवर सकाळी. वर त्याचं नाव, आणि खाली मेलेल्याचं ताट.

“आपल्या बापानं आपल्याला मेलेला धरलंय, असं वाटलं असेल गं त्याला. मग तो येईल कशाला?”

हे-वन उठली. तिने कॅमेरा बदलला, फोन इन-ग्यूच्या जागेवर, त्याच्या बाजूने ताट दिसेल असा नीट टेकवला. ताट सुलट दिसतंय ना ते दोनदा पाहिलं. म्हाताऱ्याने फळं बाजूला सारली, फोटो उचलून भिंतीशी पालथा ठेवला, भाताचा वाडगा डावीकडे सरकवला. चित्रफीत सुरू झाली. झाकण घालायची वेळ आली, पण त्याने घातलं नाही. तो वाकला, फोनच्या अगदी जवळ आला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलला.

“इन-ग्यू, बाळा, मला फोन वापरता येत नव्हता रे.”