शेडमध्ये असेल ते हिवाळ्याचं

चरात घसरलेल्या गाड्या मी आजवर शे-दोनशे तरी बाहेर काढल्या असतील. पहिला बर्फ पडला की आमच्या गॅरेजचा फोन थांबत नाही. टोचनची दोरी घेऊन निघायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडतं, कारण माझा नवरा इल्मारी तेव्हा कुणाच्या तरी गाडीखाली आडवा असतो. तिरकी गाडी, आत भेदरलेली माणसं, सगळ्याची मला सवय आहे. पण त्या मंगळवारी सकाळी पुलाच्या अलीकडे चरात कललेली गाडी माझ्या सासऱ्यांची होती, आणि माझी नजर तिच्या चाकांवर गेली. मी रस्त्याकडेच्या बर्फात मटकन बसले.

चारही चाकं उन्हाळ्याची होती, बर्फावर सरळ घसरणारी.

हे शक्यच नव्हतं. पाचच दिवसांपूर्वी, गुरुवारी, मी माझ्या या दोन हातांनी त्या गाडीला हिवाळ्याची चाकं लावली होती. बर्फात पकड घेणारे खिळ्यांचे टायर, नक्षी अजून खोल, वीसच्या वीस बोल्ट, पुरेसा जोर लागला की कटकन वाजणाऱ्या पान्याने आवळलेले. ती चाकं गेली कुठे? आमच्या कुर्कीवारा गावात कुणी कुणाचं साधं फावडंही उचलून नेत नाही, चाकं कोण नेणार?

मी ती चाकं चोरून लावली होती, हे आधी सांगून टाकते. माझे सासरे आतोस अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पोरगा आणि सून टायरचं गॅरेज चालवतात, पण सासऱ्यांनी स्वतःच्या गाडीच्या चाकाला आम्हाला कधी बोट लावू दिलं नाही. "जो माणूस स्वतःची चाकं दुसऱ्याकडून बदलून घेतो," असं म्हणून ते वाक्य अर्धंच सोडायचे आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. इल्मारी म्हणायचा, बाबा, धंद्यावर पाय देऊ नका. गावात हवामानाच्या बातम्यांवर कुणाचा भरवसा नाही. आतोसने चाकं बदलली की आठवड्यात बर्फ, असा इथला हिशेब. त्यांच्या अंगणात जॅक दिसला की दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग लागते.

यंदा ऑगस्टमध्ये त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्ष संपेपर्यंत जड काही उचलायचं नाही. ऑक्टोबर लागल्यावर मी दोनदा विचारलं, "बाबा, यंदा मी करू का चाकं?" दोन्ही वेळा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मलाही राग आला. मग गुरुवारी ते आणि सासूबाई तपासणीसाठी रुग्णांच्या टॅक्सीने रोव्हानिएमीच्या हॉस्पिटलात गेले, तेव्हा मी त्यांच्या अंगणात गेले आणि पाऊण तासात काम उरकलं. उतरवलेली उन्हाळ्याची चाकं शेडमध्ये त्याच चार खुंट्यांवर टांगली, वरून त्यांचीच बटाट्याची पोती तशीच पांघरली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. म्हातारा स्वतः बघेल, दोन दिवस धुसफुसेल, आणि मग रविवारी कॉफीवर मला टोमणा मारेल, तेव्हा हसू, असा माझा बेत होता. कसली हौस ही!

रविवारी कॉफीला गेलो तर ते एका शब्दाने बोलले नाहीत. उलट मजेत होते, वेलचीचे दोन पाव जास्त खाल्ले. मला वाटलं, हार मान्य केलेली दिसते; अंगणातल्या गाडीकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. सोमवारी रात्रभर बर्फ पडला.

आणि आता मी बर्फात बसून गुळगुळीत उन्हाळी टायरकडे बघत होते.

"सिर्कू, बसलीस काय?" सासरे गाडीबाहेर, दाराला धरून उभे होते. कपाळावर खरचटलं होतं, बाकी धड होते. "दोरी लाव. पुढचा हुक डावीकडे आहे."

"बाबा, ही चाकं कुणी लावली?"

"कुणी म्हणजे? मीच. शनिवारी." छाती जराशी पुढे आली त्यांची. "दोन तास लागले. टाके-बिके काही तुटले नाहीत, आधीच सांगतो."

"अहो, पण ही उन्हाळ्याची आहेत!"

"काहीतरीच काय!"

"बघा ना, खाली बघा!"

ते बघायला वाकले नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाले, "शेडमध्ये होती ती लावली. ऑक्टोबरात शेडमध्ये असेल ते हिवाळ्याचं. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला."

त्यांचा नियम चुकीचा नव्हता. शेडमधली चाकं मी बदलली होती. मी गाडीला हिवाळा चढवला आणि या माणसाने शनिवारी तो पुन्हा उतरवून ठेवला. करायला गेले एक अन् झालं भलतंच. पण तरी काही जुळेना. उतरवताना खिळे दिसतात की. एकेका टायरला शंभरावर खिळे, चांदीसारखे चमकणारे. आंधळ्यालासुद्धा...

इथे माझा विचार थांबला.

"बाबा," मी उठून त्यांच्या समोर गेले. "गुरुवारी मी तुमच्या गाडीला खिळ्यांचे टायर लावून गेले होते. तुम्ही ते काढलेत. खिळे होते त्याला. तुम्हाला दिसले नाहीत?"

त्यांनी कपाळावरचं खरचटलेलं बोटाने चाचपलं.

गाडीचं दुसरं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. लेंपी नाव त्यांचं. टोपी वाकडी झालेली, हातातली पिशवी छातीशी धरलेली. "त्याला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"लेंपी!"

"आता पुरे, आतोस. मेलो असतो आज आपण." त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "मधलं दिसत नाही गं त्याला. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं म्हणतो. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून."

दोन हिवाळे! मला आधी अर्थच लागेना. मी वेड्यासारखं विचारलं, "मग गाडी कोण चालवतं?"

"तोच चालवतो. मी सांगते."

मी सांगते! आमच्या घरात सासूबाईंच्या गाडीतल्या बडबडीची किती थट्टा व्हायची म्हणून सांगू. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, पण गाडीत बसल्या की तोंडाचा पट्टा सुरू. डावं वळण आलं, डावं. समोर दुधाची गाडी. सिग्नल लाल आहे, लाल. बाई चालली आहे कडेने. नाताळच्या जेवणाला इल्मारी त्यांची नक्कल करायचा, स्वतः दोन खुर्च्या मांडून. आम्ही हसून हसून लोळायचो, सासरेही हसायचे. सासूबाई तेवढ्या "ओव्हन बघून येते" म्हणत उठून जायच्या. आणि मी? मी त्यांना शहरात घेऊन जाताना दरवेळी तडकून म्हणायचे, आई, मला डोळे आहेत.

मग एकदम दुसरीच गोष्ट आठवली. "फेब्रुवारीत," मी म्हणाले, "फेब्रुवारीत तुम्ही आमच्या आयलीला स्केटिंगला नेत होतात. दर बुधवारी. अडतीस किलोमीटर."

"मी होते ना बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "एकही दिवस मी चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा गेले."

मला ओरडायचं होतं. माझी पोर, नऊ वर्षांची, मागच्या सीटवर गाणी म्हणत बसलेली, आणि पुढे हे दोघं मिळून एक ड्रायव्हर! मी ओरडलेही. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. वेड लागलंय का, कुणाचा जीव गेला असता तर, असंच काही. बंदुकीचंही विचारलं. "आणि मूस हरणांची शिकार? बंदूक घेऊन जाता ना अजून?"

"यंदा मी शिकारीच्या तळावर कॉफीच केली," सासरे म्हणाले. "दोन्ही वर्षं कॉफीच केली. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

खरंच आलं नव्हतं लक्षात.

लायसन्स पंचाहत्तरीला नवं झालं होतं, पुढची तपासणी ऐंशीला. तेवढी दोन वर्षं काढायची, असा दोघांचा हिशेब होता. सासूबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बोलत होत्या. दुकान अडतीस किलोमीटर, दवाखाना अडतीस किलोमीटर, बस आठवड्यातून दोनदा. गाडी गेली की घर गेलं. मग शहरातला तो म्हाताऱ्यांचा तीन मजली ठोकळा, खिडकीतून दिसणार पार्किंग. "तो तिथे एक हिवाळा काढणार नाही, सिर्कू. मला ठाऊक आहे. म्हणून मी बोलत राहिले." आज रस्त्यावर रेनडिअर आलं, त्या "थांब" म्हणाल्या, सासऱ्यांनी त्याच क्षणी ब्रेक दाबला. त्यांच्याकडून काहीच चूक झाली नाही. चाकं थांबली नाहीत एवढंच, आणि ती चाकं माझ्यामुळे गाडीला होती.

मी दोरी लावली. हुक दोनदा निसटला. गाडी वर आली, कडेला उभी केली. मग सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून, मी पाना काढून त्यांचे बोल्ट तपासले. वीसही घट्ट, एकही सैल नाही. दिसत नसलेल्या माणसाने, पोटावर टाके असताना, अंगणात चाचपडत लावलेले.

सासरे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "एक विचारू?" ते म्हणाले. "गुरुवारी तू पान्याने आवळले होतेस ना, हा वाजणारा?"

"हो."

"मला कळलं होतं."

मी मान वर केली.

"मी पायाने आवळतो. सोडताना ते कुरकुरतात, पन्नास वर्षं कुरकुरतायत. हे गुमान सुटले. तेव्हाच मनात आलं, हा माझा हात नव्हे." त्यांनी हातमोजा काढला आणि बोल्टवर अंगठा फिरवला. "पण मग वाटलं, डोळे गेले, आता हातही जायला लागले. वसंतात उन्हाळ्याची लावताना आपणच नीट आवळले नसतील. खिळे तर जाड हातमोज्यातून लागलेच नाहीत. लेंपीला बोललो नाही. ती घाबरली असती."

मी तिथेच गुडघ्यावर होते आणि मला रडू फुटलं. मला एका शब्दाने सांगता आलं असतं, त्यांना एका शब्दाने विचारता आलं असतं. मी थट्टेपायी गप्प बसले आणि त्यांना वाटलं आपले हातही गेले. गेले तीन दिवस हा माणूस स्वतःचे हात गेले म्हणून मनात झुरत होता, आणि मी समोर बसून पाव खात होते.

"बाबा, हात तुमचे चांगले आहेत," मी कसंबसं म्हटलं.

"हूं." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि हवेत, माझ्या खांद्याच्या जरा उजवीकडे, पुढे धरली. मी ती घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन मीच करणार, हे तिघांनाही न बोलता कळलं.

गाडी न्यायला इल्मारी येणार होता. मी दोघांना माझ्या व्हॅनमध्ये पुढे बसवलं, सासूबाई मधे, सासरे खिडकीशी. पूल ओलांडला. व्हॅनच्या टायरचे खिळे बर्फात करकरत होते.

"उजवं वळण, सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "पुढे उतार आहे. डाव्या हाताला टपाल..."

"लेंपी," सासरे म्हणाले, "हिला दिसतं."

सासूबाईंनी तोंड मिटलं. मी दोन वर्षं वाट बघत होते की ही बाई गाडीत एकदा तरी गप्प बसेल. आता बसली होती, पिशवी मांडीवर, नजर समोर, ओठ घट्ट. सासरे खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांना पुढे काय येतंय याचा काही पत्ता नव्हता. एक किलोमीटर गेला. दुसरा गेला. मला ते सहन होईना.

"आई," मी म्हटलं, "बोला ना. पुढे काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला.

"रस्ता पांढरा आहे," त्या म्हणाल्या. "सरळ आहे. कुणी नाही. आता लाहतिनेनांची टपालपेटी आली, त्यावर टोपीएवढा बर्फ. पुढे डावं वळण येतंय, आतोस. डावं, लांबट."

मी गाडी डावीकडे घेतली. गुडघ्यांवर ठेवलेले सासऱ्यांचे दोन्ही हात हलकेच डावीकडे वळले, आणि वळण संपल्यावर परत सरळ झाले.