राणी का आली नाही

"बू, एक वाक्य सुटलंय," निकेन फोनवर म्हणाली. इंडोनेशियात मोठ्या बाईला आदराने 'बू' म्हणतात. समोरच्याच्या दातात पालेभाजी अडकलीय हे सांगताना माणूस जसा अवघडतो, तशी ती अवघडली होती. "तिसरा खंड, पान चारशे बारा. मूळ डचमध्ये आहे, आपल्या भाषांतरात नाही. नव्या आवृत्तीत घालून टाकू. सोमवारपर्यंत पाठवाल?"

"पाठवते," पालुपी म्हणाली.

"आणि रविवारी इथे योग्यकर्ता शहरात वाचकांचा मेळावा आहे. दर वर्षी बोलावतो, तुम्ही येत नाही. या वर्षी तरी..."

"येते."

निकेनला हे अनपेक्षित होतं. प्रकाशकाकडे नव्याने लागलेली ही संपादक मुलगी नकार ऐकायच्या तयारीने बसली होती. पण पालुपीला गेली अकरा वर्षं होकारच सोपा पडत असे. नकार दिला की कारण द्यावं लागतं, आणि कारणं शोधायचा तिला कंटाळा होता. होकार देऊन न जाणं त्याहून सोपं.

वाक्य सुटलं नव्हतं. सुटायला ते काही बसच्या खिडकीतून उडालेला रुमाल नव्हतं. पालुपीने ते गाळलं होतं, समजून-उमजून, भर दुपारी, चहाचा कप हाताशी असताना.

'सात बांधांचं राज्य' ही सहा जाडजूड खंडांची कथा एका डच बाईने लिहिली. समुद्र अडवून धरणारे सात बांध, त्यांवरची सात घराणी, आणि घराण्यांच्या एकमेकांवरच्या कुरघोड्या. सहावा खंड संपवून बाई वारल्या आणि उत्तरं सोबत घेऊन गेल्या. इंडोनेशियात ही पुस्तकं आणली ती सालातिगा गावच्या पालुपीने, थेट डचमधून, एकटीने. डच वाचणारी माणसं देशात उरलीत मूठभर. त्यांना जुनी दप्तरं वाचायची असतात, राजाराणीच्या गोष्टी नाहीत. त्यामुळे तिचं भाषांतर मुळाशी ताडून पाहायच्या फंदात कुणी पडलं नाही. निकेन दोन वर्षं हॉलंडात शिकून आली आणि मग मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसली.

तिसऱ्या खंडात राणी ओडाचा सहा वर्षांचा मुलगा लिवेन तापाने जातो. त्याच संध्याकाळी कारभारी हार्मेन एक झाकलेली होडी घेऊन राजवाड्यातून निघतो. मूळ पुस्तकात या दोन गोष्टींच्या मध्ये एक लांबलचक वाक्य आहे: राणी येते आणि मुलाचं शेवटचं सगळं स्वतःच्या हाताने करते. पालुपीच्या भाषांतरात राणी येतच नाही.

बस, एवढ्यावर वाचकांनी अकरा वर्षं काढली. राणी का आली नाही? काहींचं म्हणणं, विष तिनेच दिलं. मुलगा मेला म्हणजे गादी हिची. या लोकांना 'दगडवाले' म्हणत, कारण ते राणीला दगड म्हणत. दुसरे 'जिवंतवाले'. त्यांच्या मते राणी आली नाही कारण मुलगा मेलाच नव्हता. तो त्या होडीत होता, आणि सहाव्या खंडात बांध फुटतो तेव्हा गर्दीत दिसणारा लाल टोपीवाला तरुण म्हणजे आपला लिवेन. यावरून फोनवरच्या गटांत रोज हमरीतुमरी चाले. सोलोमध्ये एका जोडप्याचं ठरलेलं लग्न या वादात मोडलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण मोडलं असेल तर बरंच झालं.

पालुपी हे सगळं अधूनमधून वाचत असे. वाचून तिला काही होत नसे.

तिची लारास नऊ वर्षांची होती. डेंग्यू झाला, तीन दिवस इस्पितळात, चौथ्या दिवशी घरी आणली ती तशीच. आळीतल्या बायका जमल्या, मागच्या अंगणात पडदे बांधले, फुलं घालून शेवटच्या आंघोळीचं पाणी तयार केलं. नणंद सुमिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "वहिनी, पाणी तयार आहे. चल." पालुपी पाहुण्यांसाठी काढलेले ग्लास पुसत होती. "हो, येते," ती म्हणाली. सुमिनी परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नुसतीच उभी राहिली आणि गेली. ग्लास बेचाळीस होते. ते पुसून झाले तेव्हा बाहेरचंही सगळं झालं होतं.

कुणी एका शब्दाने बोललं नाही. धक्का बसलाय बिचारीला, असं म्हणून लोकांनी तिला माफ करून टाकलं, तेही लगेच, वाटीभर साखर उसनी द्यावी इतक्या सहज. नवरा दोन वर्षांनी सुराबायाला बदली होऊन गेला आणि तिकडचाच झाला. पालुपीला रडू असं आलंच नाही. हात झोपला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. त्याची तिला सवयही झाली.

चार महिन्यांनी भाषांतर करता करता पान चारशे बारा आलं. तिने आधीचं वाक्य टाइप केलं. मग नंतरचं.

आता निकेनने ते परत मागितलं होतं. गुरुवारी पालुपी मेजाशी बसली, शुक्रवारी बसली, शनिवारी दिवसभर बसली. एकाही शब्दासाठी शब्दकोश उघडावा लागू नये इतकं ते सोपं होतं. पाणी, हात, मूल. पहिला शब्द टाइप करी आणि खोडी. रविवारी सकाळी कोऱ्या पानासकट ती योग्यकर्त्याच्या गाडीत बसली.

मेळावा प्रकाशकाच्या मागच्या अंगणात होता. फणसाच्या झाडाखाली चटया घातलेल्या, चाळीसेक माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात खाऊचं खोकं: पानात गुंडाळलेला चिकट भात, तळलेला टोफू, त्यासोबत एक हिरवी मिरची. तिला पाहताच सगळे उठले. एकेकाने येऊन तिचा हात कपाळाला लावला. निकेनने तिला मधोमध बसवलं आणि डच पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसली.

मेळाव्याचे म्होरके पाक त्रिस्नो, म्हणजे त्रिस्नोकाका. पन्नाशीचे, रेल्वेत सिग्नल सांभाळणारे, जिवंतवाल्यांचे पुढारी. एकोणीस पुरावे छापून, प्रत्येकाला एकेक प्रत वाटून, ते चष्मा सावरत उभे राहिले. दहा पुरावे लोकांनी मिटक्या मारत ऐकले.

"पुरावा अकरावा," पाक त्रिस्नो म्हणाले. "हा सगळ्यांत भक्कम. आपल्याकडे मूल गेलं तर काय करतात? घरचे मांडीवर घेतात. मांडीवर घेऊन न्हाऊ घालतात. करतात की नाही? मग ओडा कुठे आहे? आई असून आली नाही, असं होईल का? होणारच नाही. म्हणजे न्हाऊ घालायला कुणी नव्हतंच. मुलगा होडीत होता, जिवंत!"

"पाक, अहो ती डच राणी आहे, तुमच्या क्लातेन गावची मावशी नाही!" ही वेनिंग, दातांची डॉक्टरकी शिकणारी मुलगी, कट्टर दगडवाली. अंगण हसलं.

"कुठलीही असो, आईच ना?"

"तेच म्हणतेय मी. मुलगा मेला, समोर पडलाय, आणि ही बया फिरकत नाही. का? कारण विष हिनेच दिलं. कुठल्या तोंडाने येणार?"

"लाज वाटली असेल," मागून कुणी म्हणालं.

"लाज कसली, दगडाला लाज असते होय? चुकून राहिलेलं नाही हे, बाईंनी मुद्दाम दाखवलंय. आई नाहीच ती!"

"ए, राणीला बोलायचं काम नाही हं!"

"बोलणार! सहा खंड बोलत आलेय!"

पालुपी ऐकत होती. शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल बोलणं चालावं आणि भिंतीपलीकडून ते ऐकू यावं, तसं तिला वाटत होतं. बया, दगड, आई नाहीच. यातलं काहीही तिला लागलं नाही. तिने स्वतःला याहून वाईट म्हणून झालं होतं. पण ओडा? ओडा तर मुलाजवळ गेली होती. त्या बाईने आपलं काम केलं होतं. अकरा वर्षं तिने या चटयांवर शिव्या खाल्ल्या, त्या कुणाच्या वाटच्या?

पालुपीला राग आला. इतक्या वर्षांनी काहीतरी आलं आणि ते राग निघालं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"बू, तुम्हीच सांगा आता," पाक त्रिस्नो हात जोडून म्हणाले. "लेखिकाबाईंच्या मनात काय होतं? राणी का आली नाही?"

"आली होती," पालुपी म्हणाली.

तिने निकेनच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं.

"डच पुस्तकात वाक्य आहे. राणी येते आणि मुलाला स्वतः न्हाऊ घालते. मी ते गाळलं."

पाक त्रिस्नोंचा चेहरा उजळला. "बघा! पुरावा विसावा! असं वाक्य कुणी उगाच गाळतं का? लेखिकाबाईंनी बूंना कळवलं असणार की ते वाक्य खोटं आहे, लोकांना फसवायला घातलंय. बू गुपित राखतायत. प्रकाशकाने तोंड बंद केलं असेल. हो ना, बू?"

टाळ्यासुद्धा पडल्या. या लोकांना कोण काय सांगणार! सूर्य पूर्वेला उगवला, तर तेही होडीत मुलगा असल्याचं लक्षण.

"मला कुणी काही कळवलं नाही," पालुपी म्हणाली. तिचा आवाज दुकानात भाव विचारावा इतका सपाट होता. "त्या वर्षी माझी मुलगी गेली. नऊ वर्षांची. तिला न्हाऊ घालायला मला तीनदा बोलावलं. मी गेले नाही. स्वयंपाकघरात बसून ग्लास पुसले. पुढे हे वाक्य आलं, ते मला लिहिता आलं नाही. पुस्तकातली राणी आली होती. आली नव्हती ती मी."

कुणाच्या तरी हातातलं खोकं चटईवर ठेवल्याचा आवाज झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात कुठे ठेवायचे हे न कळून मांडीखाली घातले.

"का, बू?" वेनिंगच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती. विचारलं आणि तिने जीभ चावली.

"माहीत नाही," पालुपी म्हणाली. "तुम्ही शोधता तशी मीही शोधतेय. काही सापडत नाही. लाज नव्हती, भीती नव्हती. फक्त उठले नाही."

ज्या माणसांकडे प्रत्येक पापणीच्या हालचालीला तीन-तीन हेतू तयार असत, ती आता पुराव्यांच्या कागदांना घड्या घालत बसली.

पाक त्रिस्नो खाली बसले. पुरावे त्यांच्या हातात तसेच होते. "बू," ते हळू आवाजात म्हणाले, "मग राहू दे ना तसंच. डच कोण वाचतंय इथे? निकेनताई कुणाला सांगणार नाही. आमचा लिवेन जिवंत राहील. अकरा वर्षं तो आमच्यात आहे हो."

निकेनने मान खाली घातली. आवृत्ती तिची होती, पण निर्णय तिने पालुपीवर सोडला. पालुपीने पाक त्रिस्नोंकडे पाहिलं. माणूस खरंच याचना करत होता, आणि क्षणभर तिलाही ते हवंसं वाटलं. कुठेतरी एक मूल लाल टोपी घालून फिरतंय, आणि त्यासाठी तिने काहीच करायचं नाही, फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं तर तिला चांगलंच जमत होतं.

"त्याला जिवंत ठेवलं तर ती दगड राहते, पाक," ती म्हणाली. "तिने तिचं केलं होतं. मी तिच्याकडून ते काढून घेतलं. परत द्यायला हवं."

वेनिंगने पिशवीतून आपला तिसरा खंड काढला, पाठ फाटून चिकटपट्टी लावलेला. पान चारशे बारा तिला शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथेच उघडलं. तिने पेन्सिल घेतली आणि दोन वाक्यांच्या मध्ये टेकवली. "सांगा, बू. इथे लिहिते."

मग एकेक करत सगळ्यांनीच पुस्तकं काढली. शेवटी पाक त्रिस्नोंनीही काढलं.

निकेनने डच पुस्तक पुढे केलं. पालुपीने ते पाहिलं नाही.

"मग ओडाने सगळ्यांना बाहेर पाठवलं," ती म्हणाली. चाळीस पेन्सिली चालल्या. "पाणी फार गरम नाही ना, हे कोपर बुडवून पाहिलं. आणि मुलाला मांडीवर घेतलं."

"मांडीवर?" पाक त्रिस्नोंनी मान वर केली.

"मांडीवर."

त्यांनी लिहिलं. त्यांचा चष्मा धुरकट झाला होता.

"आणि दर शनिवारी घालत असे तशी सावकाश आंघोळ घातली, कानांच्या मागेसुद्धा. घाई केली नाही."

"हळू, बू," वेनिंग म्हणाली. "मी कानांपाशी आहे."

पालुपी थांबली. सगळ्यांचं होऊ दिलं. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते आणि बोटं आपोआप हलत होती.

"अंग पुसलं," ती म्हणाली. "कोरडं केलं. केस विंचरले. गुंता फार होता म्हणून खालून वर, थोडे थोडे धरून, दुखू नये असे. आणि वेणी घातली."

सहा वर्षांच्या लिवेनचे केस आखूड होते, हे त्या अंगणात प्रत्येकाला पाठ होतं. एवढ्या तेवढ्या विसंगतीवरून महिना-महिना भांडलेली माणसं ती. कुणीही मान वर केली नाही. सगळ्यांनी वेणी असंच लिहिलं.