पोटात भांडी ठेवलेला ओव्हन

मी एक जुना गॅसचा ओव्हन आहे, मित्रांनो. घाना देशातल्या केटा गावी, समुद्र आणि खाजण यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, कोसिवाबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम आहे. खाऱ्या वाऱ्याने माझे पाय गंजले आहेत आणि बटणावरचे आकडे केव्हाच पुसले गेले आहेत.

कुठल्या कारखान्यात माझा पत्रा वाकवला, ते आता आठवत नाही. आठवतो तो कोसिवाबाईंचा हात. आकडे गेल्यापासून त्या दार उघडून हात आत धरत आणि "हं, तापला," म्हणत. मी मागच्या बाजूला जास्त तापतो, म्हणून ट्रे अर्ध्यावर फिरवून ठेवत. एरवी खोबऱ्याचा गोड पाव आणि नाताळात आले-मिरचीत मुरवलेली कोंबडी. त्यांची मुलगी सेनाम माझ्या काचेला नाक लावून बसे.

"अगं, नाक भाजेल! मग कोंबडीऐवजी तेच वाढीन तुला."

सेनाम मोठी झाली, नर्स झाली आणि लंडनला गेली. एकट्या जिवासाठी ओव्हन कोण पेटवणार? आणि आमच्या गावात न पेटणारा ओव्हन म्हणजे कपाट. माझ्या पोटात आधी कढया आल्या, मग झाकणे, मग प्लॅस्टिकचे वाडगे. यापेक्षा भंगारात गेलेले बरे, असे मला वाटे.

मग एका डिसेंबरात कोसिवाबाई मला बाहेरून पुसता पुसता म्हणाल्या, "सेनाम येतेय रे. या खेपेला सांगणारच तिला, आता इथेच राहा म्हणून. आपल्या दवाखान्यात काय नर्स लागत नाहीत?" पोरीने परत यावे, याखेरीज त्यांचे काही मागणे नव्हते.

सेनाम आली आणि आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या. "आई, तू बस. कोंबडी मी भाजते." माझी काच जुन्या तेलकट डागांनी केव्हाच आंधळी झाली होती; तिने खालच्या फटीशी काडी धरली, बटण फिरवले आणि ती अंगणात मसाला चोळायला गेली.

माझ्या पोटात वाडगे वितळू लागले. काळा धूर निघाला. शेजारची आकू कुंपणावरून ओरडली, "सेनामची आई, काय भाजतेस गं? चप्पल?"

कोसिवाबाईंनी धावत येऊन गॅस बंद केला. खोकत, हसत त्या म्हणाल्या, "अगं वेडे, आधी उघडून बघायचं! कुणाच्या घरी ओव्हन रिकामा असतो?"

"माझ्या घरी असतो, आई. लंडनला."

सेनाम हसतच होती. कोसिवाबाईंचे हसू मात्र तिथेच थांबले.

मी निवाल्यावर दोघींनी मिळून प्लॅस्टिक खरवडून काढले. कोंबडी उशिरा झाली, पण कातडी छान कुरकुरीत झाली. जेवताना कोसिवाबाईंनी दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा त्या एवढेच म्हणाल्या, "आणखी घे गं."

जानेवारीत सेनाम गेली. दुसऱ्या दिवशी कोसिवाबाईंनी कढया उचलल्या, माझे दार उघडले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"नको. पुन्हा येईल आणि न बघताच पेटवेल," त्या पुटपुटल्या. सगळी भांडी त्यांनी खाटेखाली सरकवली.

तेव्हापासून मी रिकामा आहे. भांड्यांवर मी उगाच रुसलो होतो. निदान ती एकमेकांवर आपटून वाजत तरी होती. आता दर शनिवारी कोसिवाबाई ओल्या फडक्याने मला आतून पुसतात, क्षणभर आत बघतात आणि दार लावून घेतात.

मित्रांनो, ओव्हन पेटवण्याआधी दार उघडून आत बघा, एवढे तर मी सांगेनच. पण तुमच्यासाठी कुणी कुठे जागा रिकामी ठेवली असेल, तर तिथे जाऊन या. भूक नसली तरी जा.