पावलाखालची चकती

...दिसायला चकती होती तशीच. रुपयाएवढी, पांढुरकी, वर चांदीचा पातळ मुलामा — बाकीच्यांत मिसळली असती तर पूर्णिमालाही ओळखू आली नसती. तिनं ती बोटाखाली दाबली. मीटरचा काटा ढिम्म. शेजारची दाबली, काटा टुणकन उडाला.

म्हणजे आप्पांचा पाय नव्हे. चकतीच मेली होती.

उद्यमबागेतल्या या कारखान्यात नव्या मुलींना रोज पूर्णिमाच बजावते — तार जोडताना सोल्डरिंगचं टोक फार वेळ टेकवू नका, दाबलं की वीज देण्याचा हिचा गुण जास्त तापली की जातो, आणि बाहेरून काही कळत नाही... आणि आप्पांसाठी करताना मात्र जोड पक्का बसावा म्हणून मीच टोक दाबून धरलं. मायेनं म्हणे! अतिरेक नुसता.

लकव्यानंतर तिच्या वडलांचा, आप्पांचा, डावा पाय उचलेना. ज्या पायांनी जन्मभर फौंड्रीत साच्याची वाळू तुडवली, त्यातलाच एक. खाटेपुढे जमिनीवर फळी, फळीखाली चकती. पाय दाबला की तेवढ्याच विजेवर लाल दिवा लुकलुकेल, दिवा बघून त्यांना उमेद येईल — असं तिचं गणित. काल आप्पांनी दात-ओठ खाऊन जोर केला. घाम फुटला. दिवा लागला नाही.

"ऱ्हाऊ दे गं. पायात जीवच न्हाय, तर दिवा कुठनं लागंल?" म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. आज सकाळी तर खाटेवरून पाय खाली सोडायलाही तयार नव्हते.

संध्याकाळी अनगोळला घरी पोचेपर्यंत पिशवीतली नवी चकती ती चाचपत राहिली. चप्पल काढतानाच सांगून टाकलं, "आप्पा, चकती बिघडलेली व्हती. माझ्याच हातनं. तुमचा पाय टेकला असणार."

आप्पांनी मान तिच्याकडे वळवली.

"असणार? तू तर म्होरंच बसलतीस की गं. दिसलं न्हाय व्हय तुला?"

...नव्हतं दिसलं. ती दिव्याकडे बघत होती. सगळा वेळ, डोळे ताणून, दिव्याकडेच — पाऊल दबलं की नाही, किती दबलं, हे आता कितीही आठवलं तरी आठवेना, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

नवी चकती पिशवीतच राहिली. तिनं फळी बाजूला सारली, जमिनीवर बसून आपला तळहात उताणा ठेवला.

"ठेवा."

आप्पा हलले नाहीत. खाटेच्या कडेला त्यांचं पाऊल होतं, टाचेवर जुन्या भाजल्याचा काळपट डाग. हा डाग तिनं कधी पाहिलाच नव्हता. ती पाहत राहिली.