नुसता धरलेला दोर

आमच्या लेमिंग कप्तानाने हट्टापायी आपली जहाजं ओढायची टगबोट वाळूत घालवली, आणि वर मलाच सांगतो की आपण जिंकलो.

भर समुद्रातल्या गुडविनच्या वाळूवर ओहोटीत एक मोठं शिडाचं जहाज रुतलं होतं. धूर सोडत आम्हीच पहिले पोचलो. आता आमच्या रॅम्सगेट बंदरातली कुठलीही मासळीवाली सांगेल, की जहाजाने टगबोटीचा दोर घेतला तर ते टगबोटीने वाचवलं, आणि कोर्टातून मालाचा घसघशीत वाटा मिळतो. जहाजाने आपला दोर दिला तर ती नुसती ओढायची हमाली. हे कायद्यात कुठे लिहिलंय ते कुणी पाहिलेलं नाही, पण मानतात सगळे.

लेमिंगने आपला दोर फेकला. जहाजावरच्या केम्प कप्तानाने तो पाण्यात ढकलला आणि स्वतःचा फेकला. तो लेमिंगने ढकलला. दुपारपर्यंत हेच. मध्ये केम्पने चहा पाठवला, तर पिण्याआधी लेमिंगने तीनदा विचारून घेतलं की यावर कसला दावा नाही ना. मी खाली इंजिनापाशी घसा फोडून सांगत होतो की पाणी उतरतंय, बोट मागे घ्या. ऐकतो कोण?

शेवटी रुतली आमचीच बोट, तीही कुशीवर. भरती आली, जहाज आपसूक तरंगलं, आणि आमच्या बोटीत पाणी शिरायला लागलं. लेमिंगची तेवीस वर्षांची कमाई ती. दुसरं काहीच नाही त्याला.

केम्पने दोर फेकला. "घ्या लेमिंगसाहेब. दोर आमचा आहे, बरं का." म्हणजे आता वाचवणारा तो, आणि कोर्टात वाटा मागणाराही तोच.

"बांधा तो," मी म्हटलं, "पाया पडतो तुमच्या."

लेमिंगने दोर घेतला, पण खुंटाला बांधेना. दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. "धरलाय फक्त, बांधलेला नाही. कोर्टात हेच सांगायचं."

मी बांधायला धावलो तर मला लाथ घातली मेल्याने. जहाजाने ओढ घेतली आणि दोर त्याच्या तळव्यांची सालं काढत निघून गेला. मग त्यांच्याच होडीने आम्हाला काढलं. माणसं वाचवल्याचा दावा लागत नाही, म्हणून लेमिंग मुकाट बसला.

आता ओहोटीला बोटीचं धुराडं तेवढं दिसतं. लेमिंग रोज गुत्त्यात येतो, फडक्यांत गुंडाळलेले हात मला दाखवतो. म्हणतो, "एक पेनी मागू शकला नाही तो केम्प."

त्याला पेला धरता येत नाही. मी शिव्या देतो आणि त्याच्या तोंडाला लावतो.